फॉर्म्युला बरोबर, उत्तर चूक: राशीत किंमत टाकताना नेमकं बिघडतं कुठे

दहावीच्या मुलांची वर्गसमीकरणाची गणितं तपासायला घेतली की एक गोष्ट परत परत दिसते. फॉर्म्युला पाठ असतो, झोपेतून उठवून विचारला तरी धडाधड म्हणून दाखवतील, अ, ब, क च्या किमतीपण बरोबर लिहिलेल्या असतात, आणि पुढच्याच ओळीत सगळं फिसकटतं. म्हणजे धडा कळलाय, रीत माहितीये, आणि मार्क गेले कशात तर किमती टाकून आकडेमोड करण्यात. घरी मग आईबाबा म्हणतात, सिली मिस्टेक आहे, नीट लक्ष देत जा. मला हे अजिबात पटत नाही. वर्गातली निम्मी मुलं एकाच जागी तीच चूक करत असतील तर तिथे लक्षाचा प्रश्न नसतो, काहीतरी समजायचं राहिलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा सहावी-सातवीपासूनच राहिलेलं असतं.

एक गणित घेऊनच बघू.

२क्ष² − ५क्ष − ३ = ०

इथे अ = २, ब = −५, क = −३. विवेचक काढायचाय, म्हणजे फॉर्म्युल्यात वर्गमूळाखाली येणारं ब² − ४अक. मुलं लिहितात:

−५² − ४ × २ × −३

आणि मग −५² चे −२५ करतात, पुढचं २४ बरोबर काढतात, −२५ + २४ = −१, विवेचक ऋण आला, सबब मुळं वास्तव नाहीत, गणित संपलं. इतकं व्यवस्थित संपतं की शंकासुद्धा येत नाही! खरं काय आहे तर ब ही अख्खी संख्या −५ आहे, वजाच्या चिन्हासकट, आणि वर्ग त्या अख्ख्या संख्येचा करायचाय:

(−५)² − ४ × २ × (−३) = २५ + २४ = ४९

४९ चं वर्गमूळ ७, मग (−ब ± ७)/२अ वरून मुळं (५ + ७)/४ = ३ आणि (५ − ७)/४ = −१/२. पडताळून बघा, क्ष = ३ टाकलं तर १८ − १५ − ३ = ०, जुळतंय.

फरक फक्त एका कंसाचा होता. मुलांनी −५² चे −२५ केले ते चूक नव्हतं बरं का, लिहिलेल्या ओळीचं उत्तर तेच येतं, चूक आधीच्या पायरीला झाली, किंमत टाकताना. म्हणून पहिला नियम मी नेहमी हाच सांगते, अक्षराच्या जागी संख्या टाकताना ती कंसात टाका, धन असो की ऋण, अपूर्णांक असो की शून्य. नंतर कंस नको वाटला तर काढता येतो, पण टाकताना कंस हवाच, कारण अक्षर ही एक अख्खी वस्तू असते आणि तिच्या जागी जे काही येतंय ते पण अख्खंच यायला पाहिजे.

आता क्रमाकडे येऊ. गुणाकार आधी, बेरीज नंतर, हे सगळ्यांना पाठ आहे, पण का, असं विचारलं की वर्गात शांतता. "नियम आहे म्हणून" हे उत्तर मुलांना पुरत नाही आणि पुरायलाही नको. वडापावच्या गाडीवर हिशोब करा, ३ वडापाव प्रत्येकी २० रुपयांचे, २ चहा प्रत्येकी १५ रुपयांचे. लिहायचं कसं? ३ × २० + २ × १५. डावीकडून सरळ जात राहिलात तर ३ × २० = ६०, अधिक २ म्हणजे ६२, गुणिले १५ म्हणजे ९३० रुपये. त्या ६२ कडे जरा बघा, ६० रुपये होते आणि त्यात २ चहा मिळवले, रुपयात चहा मिळवून जे ६२ झाले ते ६२ काय? रुपये पण नाहीत आणि चहा पण नाहीत, त्याला काही अर्थच नाही. गुणाकार आधी केला की ६० रुपये आणि ३० रुपये तयार होतात, आता दोन्ही एकाच जातीचे झाले, आता बेरीज करता येते, ९० रुपये.

गुणाकार म्हणजे खरं तर बांधून ठेवलेला गठ्ठा आहे. २ + ३ × ४ मधला ३ × ४ म्हणजे ४ + ४ + ४, थोडक्यात लिहिलेलं. गठ्ठा सोडलात तर २ + ४ + ४ + ४ = १४ दिसतं, आणि २ आधी ३ मध्ये मिळवून टाकलात तर गठ्ठ्यात किती ४ होते हेच तुम्ही बदललंत. घातांकाचं तेच एक पायरी वर, ३² म्हणजे ३ × ३ थोडक्यात, म्हणून २ × ३² म्हणजे २ × ३ × ३ = १८. इथे २ ला ३ ने आधी गुणून ६ चा वर्ग ३६ करणारे खूप भेटतात. जितकं जास्त आवळून लिहिलंय तितकं ते आधी सोडायचं, घात, मग गुणाकार-भागाकार, मग बेरीज-वजाबाकी.

हे पण सांगायला हवं की हा शेवटी लिहिण्याचा संकेतच आहे, निसर्गाचा नियम नाही. कोणी ठरवलं असतं की बेरीज आधी, तरी गणित चाललं असतं, फक्त २क्ष² + ५क्ष + ३ ऐवजी दर वेळी (२ × (क्ष × क्ष)) + (५ × क्ष) + ३ असं कंसांचं जंगल लिहावं लागलं असतं. बीजगणितात आपण बहुतेक वेळ गुणाकारांच्याच बेरजा करत असतो, त्यामुळे ज्या संकेताने कंस कमी लागतात तो टिकला.

आता शाळेत आपण सगळे शिकलो ते कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्लिश मीडियमवाल्यांचं बॉडमास. पाठांतराला छान आहे, तोंडात बसतं, माझं त्याच्याशी भांडण नाही, पण त्यात दोन जागा अशा आहेत की तिथे मुलांना सावध केलंच पाहिजे.

पहिली जागा शेवटची, "बेव". १० − ४ + ३ हे घ्या. बेरीज आधी म्हणून मुलगा ४ + ३ = ७ करतो आणि १० − ७ = ३ लिहितो. बरोबर उत्तर ९. मग नियम चुकला का? नियम चुकला नाही, ४ च्या आधीचं वजा तिथेच सोडून दिलं हे चुकलं. ज्या जुन्या मास्तरांनी हे शिकवलं त्यांची पद्धत अशी होती की अधिकवाले सगळे एकीकडे गोळा करा, १० आणि ३, झाले १३, मग वजावाला ४ त्यातून काढा, ९. चिन्ह संख्येला चिकटलेलंच राहिलं तर बेरीज आधी करा नाहीतर वजाबाकी आधी करा, काही फरक पडत नाही. आणि चिन्हांचं टेन्शन येत असेल तर सरळ डावीकडून उजवीकडे जा, १० − ४ = ६, ६ + ३ = ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच दर्जाच्या आहेत, कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही.

"भागु" मध्ये मात्र हा त्रास होत नाही, आणि हे मला फार आवडतं. २४ ÷ ४ × २ घ्या. भागाकार आधी केलात तर ६ × २ = १२, डावीकडून गेलात तरी १२. पण गुणाकार आधी केलात तर २४ ÷ ८ = ३, चूक. अमेरिकेतल्या शाळांमध्ये पेमडास शिकवतात, त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं, त्यामुळे तिकडची मुलं नेमकी इथे आपटतात. आपल्या कंचेभागुबेवमध्ये "भागु" सुरक्षित आणि "बेव" धोक्याचं. ते "वबे" असतं तर तिथेही काही बिघडलं नसतं, १० − ४ + ३ मध्ये वजाबाकी आधी केली तर बिनचूक ९ येतात.

दुसरी जागा म्हणजे ह्यात घात कुठेच नाहीये! कंसानंतर "चे" आणि लगेच भागाकार. पाचवी-सहावीच्या पदावल्यांसाठी ठरवलेला क्रम आहे तो, तिथे घातांक नव्हतेच, पण मुलं पुढे बीजगणितात जातात तेव्हा तोच क्रम घेऊन जातात आणि वर्ग कधी करायचा हे अंदाजाने ठरवतात. कोणी तरी सातवीत एकदा सांगायला हवं की कंसानंतर लगेच घात, आणि घात फक्त ज्याच्या डोक्यावर बसलाय त्याचाच. २क्ष² मध्ये २ वर घात नाही, फक्त क्ष वर आहे. (२क्ष)² मध्ये दोघांवर आहे. क्ष = ३ टाका, पहिलं १८, दुसरं ३६. तसंच −क्ष² मध्ये वजा घाताच्या बाहेर आहे, क्ष = −३ टाकलं तर −(−३)² = −९, आणि (−क्ष)² टाकलं तर ३² = ९. ही दोन्ही पानावर जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून बोट ठेवून वाचायची सवय लावायची, घात कोणाच्या डोक्यावर आहे.

मला विचाराल तर बीजगणितात आल्यावर ही क्रमाची यादी मागे ठेवून मुलांना पदं बघायला शिकवावं. राशी समोर आली की लगेच आकडेमोड सुरू करायची नाही. आधी कंसाच्या बाहेरची अधिक-वजा चिन्हं शोधायची, तिथे तिथे राशी तुटते, प्रत्येक तुकडा म्हणजे एक पद, त्याच्या पुढचं चिन्ह त्याचंच. मग एकेका पदाची किंमत वेगळी काढायची आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. असं केलं की गुणाकार आधी, बेरीज नंतर हे पाठ करावंच लागत नाही, ते आपोआप होतं, कारण बेरीज तुम्ही मुळातच शेवटी ठेवलेली असते.

करून बघू, जरा मोठं घेऊ.

३अ² − २अ(ब − ४) + (अ + ब)/२, आणि अ = −२, ब = ६

कंसाच्या आतली चिन्हं मोजायची नाहीत. बाहेर दोन चिन्हं आहेत, एक वजा आणि एक अधिक, म्हणजे पदं तीन.

पहिलं पद ३अ². किंमत कंसात टाकली, ३ × (−२)². घात आधी, (−२)² = ४, मग ३ × ४ = १२.

दुसरं पद −२अ(ब − ४), पुढचं वजा ह्या पदाचंच आहे. −२ × (−२) × (६ − ४), कंसात २ आले, −२ × (−२) = ४, ४ × २ = ८. म्हणजे हे पद अधिक ८ झालं.

तिसरं पद (अ + ब)/२, (−२ + ६)/२ = ४/२ = २.

बेरीज १२ + ८ + २ = २२.

आता हेच कंस न घालता, पदं न पाडता करणाऱ्यांची काय उत्तरं येतात बघा. पहिल्या पदात −२² लिहून −४ केलं तर −१२ + ८ + २ = −२. ३ आणि −२ आधी गुणून −६ चा वर्ग केला तर ३६ + ८ + २ = ४६. दुसऱ्या पदात दोन वजांपैकी एक हरवला तर १२ − ८ + २ = ६. तीन मुलं, तीन चुकीची उत्तरं, आणि प्रत्येक उत्तरावरून कोण कुठे अडकलं ते सांगता येतं. म्हणून नुसती फुली मारून उपयोग नसतो, चुकीच्या उत्तरात पण माहिती असते, शिक्षकांनी आणि पालकांनी ते उत्तर जरा उलटं चालून बघावं.

कंसाबद्दल अजून थोडं, कारण काही कंस दिसत नाहीत. एकात एक कंस असतील, आत साधा, मग महिरपी, बाहेर चौकटी, तर आतून बाहेर यायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण अपूर्णांकाची आडवी रेघ पण कंसच आहे. रेघेच्या वरचं सगळं एक, खालचं सगळं एक. वर्गमूळाच्या चिन्हाची लांब रेघ जिथपर्यंत जाते तिथपर्यंत कंस आहे, √(९ + १६) म्हणजे √२५ = ५, तिथे ३ + ४ = ७ करून चालत नाही. आणि घातांकाच्या जागी वर क्ष + १ असं काही लिहिलं असेल तर तेही आधी पूर्ण करायचं, कारण ते सगळं एकत्र वर उचलून ठेवलंय.

कागदावर रेघ असते तोपर्यंत ठीक, पण एका ओळीत टाईप करायची वेळ आली की रेघ जाते आणि तिच्याबरोबर कंसही जातो. मघाचंच मूळ घ्या, १२ भागिले २अ, अ = २. कागदावर रेघेखाली २ × २ आहे, उत्तर ३. कॅल्क्युलेटरवर लोक मारतात १२ ÷ २ × २, आणि तो प्रामाणिकपणे डावीकडून जाऊन १२ सांगतो. १२ ÷ (२ × २) मारायला हवं होतं. बोर्डाच्या दहावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे हा प्रॉब्लेम शाळेत लपून राहतो आणि पुढे डिप्लोमा, इंजिनीअरिंग, अकाउंट्समध्ये वर येतो. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना पण तेच. १०१ ताप आहे, (१०१ − ३२) × ५ ÷ ९ = ३८.३ च्या आसपास. कंस विसरलात तर ३२ × ५ ÷ ९ आधी होतं, ते वजा होऊन ८३.२ येतात. इथे निदान कळतं तरी की काहीतरी गंडलंय. ऑफिसात टक्केवारी वाढ काढताना, गेल्या वर्षी ४०,०००, ह्या वर्षी ४६,०००, कंसासकट १५ टक्के येते, आणि कंसाशिवाय ४६००० − ४०००० ÷ ४०००० × १०० म्हणजे ४५,९०० येतात. तेही कळतं. पण आकडे असे असतात की चुकीचं उत्तरही शक्य वाटतं, तेव्हा कोणाला पत्ताच लागत नाही, विवेचकाचं −१ असंच होतं.

आता ते व्हॉट्सॲपवर फिरणारं कोडं. ८ ÷ २(२ + २), २०१९ मध्ये जगभर भांडणं लावली ह्याने, त्याआधी २०११ मध्ये ६ ÷ २(१ + २) ने लावली होती. उत्तर १६ का १? डावीकडून गेलात तर ४ × ४ = १६. २(२ + २) ला चिकटलेलं एक समजलात तर ८ ÷ ८ = १. दोन्ही बाजूचे लोक एकमेकांची शाळा काढतात. पण खरंच सांगते, दोन्ही वाचनं जगात वापरात आहेत. गुगलच्या सर्चबारमध्ये टाकलंत तर १६ येतं. कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएक्स ह्या कॅल्क्युलेटरवर टाकलंत तर तो स्वतःहून २(२ + २) भोवती कंस घालून १ दाखवतो, आणि मध्ये गुणिलेचं चिन्ह दिलंत तर १६ दाखवतो. म्हणजे मशीन बनवणाऱ्यांमध्येही एकमत नाही, कारण चिन्ह न लिहिता चिकटवून केलेला गुणाकार भागाकारापेक्षा घट्ट मानायचा की नाही ह्यावर संकेत पक्का झालेलाच नाही.

आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ह्यात आश्चर्य वाटायचं काही कारणच नाही, कारण आपल्या कंचेभागुबेवमधला "चे" नेमकं हेच सांगतो. २४ ÷ १/२ चे ६ असं असेल तर आधी निम्मे ६ म्हणजे ३, मग २४ ÷ ३ = ८. "चे" म्हणजे गुणाकारच आहे, पण भागाकाराच्या आधी करायचा घट्ट गुणाकार. तिथे "चे" च्या जागी गुणिलेचं चिन्ह घाला, (१/२) अपूर्णांक म्हणून तसाच ठेवा, तर २४ ÷ (१/२) = ४८, ४८ × ६ = २८८. दोन्ही गुणाकारच, उत्तर ८ आणि २८८! एकाच गणिती क्रियेला दोन दर्जे असू शकतात हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ होतं, फक्त त्याचा बीजगणिताशी संबंध कोणी जोडून दिला नाही.

माझं मत विचाराल तर असं लिहिणाऱ्यालाच परत पाठवावं. ÷ हे चिन्ह आणि चिकटलेला गुणाकार एकाच ओळीत ठेवायचे असतील तर कंस घाला, नाहीतर आडवी रेघ मारा. आयएसओ ८०००० ह्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या गणिती चिन्हांच्या भागात तर ÷ भागाकारासाठी वापरू नये असंच म्हटलंय, आणि बघा, आठवी-नववीनंतर आपल्या पुस्तकांतही ते जवळजवळ दिसेनासं होतं, सगळीकडे रेघच असते.

ही चिन्हं तशी फार जुनी पण नाहीत. बरोबरचं चिन्ह १५५७ चं, गुणिलेचा काट × १६३१ चा, ÷ १६५९ चं, वर उचललेला घातांक फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये रुळवला. त्याच्या कितीतरी आधी, ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला, लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग, आणि त्या परंपरेत अज्ञात राशीला "या" म्हणायचे, यावत्तावत् चं पहिलं अक्षर, दुसरी अज्ञात राशी "का" म्हणजे कालक, तिसरी "नी" म्हणजे नीलक. नुसत्या संख्येला "रू", वर्गाला "व", आणि संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. म्हणजे २क्ष + ५ हे "या २ रू ५" असं लिहिलं जायचं. ह्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मध्ये अधिक-वजाचं चिन्हच नाही. पदं शेजारी शेजारी मांडलेली, प्रत्येकाचा स्वभाव, धन का ऋण, त्याच्याच अंगावर लिहिलेला. अशा मांडणीत २ आणि ५ आधी मिळवायचा मोह होणारच नाही, कारण एक "या" चा आहे आणि एक "रू" चा. पदं पाहा म्हणून जे मी वर सांगत होते ते आठशे वर्षांपूर्वीच्या लिखाणात डोळ्यांना आपोआप दिसत होतं. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ही माहीत नसेल तर पैशांचा घोळ होऊ शकतो. वही सांगते −३² म्हणजे −९, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा पण −९ सांगते, पण एक्सेलच्या सेलमध्ये =-३^२ (^ हे तिथलं घाताचं चिन्ह) टाकलंत तर ९ येतात. गुगल शीट्समध्ये पण ९. तिथे संख्येपुढचं वजा घातापेक्षा घट्ट धरलंय, म्हणजे ते (−३)² वाचतात. ए१ मध्ये ५ ठेवून =-ए१^२ लिहिलंत तर −२५ च्या जागी २५ मिळतात. आणि =०-ए१^२ लिहिलंत तर मात्र −२५, कारण आता ते वजाबाकीचं चिन्ह झालं. उपाय तोच जुना, कंस घाला, =-(ए१^२). तसंच २^३^२, वहीत वरून खाली येतात, ३² = ९, २ चा ९ वा घात ५१२, पायथॉनही ५१२ सांगतो, एक्सेल डावीकडून जाऊन ८² = ६४ देतो. कुठलाही फॉर्म्युला मोठ्या शीटवर ओढण्याआधी एका ओळीचं उत्तर हाताने काढून जुळवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

घरात सातवी ते दहावीचं कोणी असेल तर आज त्यांना हे एक द्या:

५ − ३(क्ष − २)², क्ष = −१

सोडवायच्या आधी विचारा की पदं किती. दोन आहेत, ५ आणि −३(क्ष − २)². बरोबर उत्तर −२२. कंसात −३, वर्ग ९, तिनाने गुणून २७, ५ − २७. उत्तर १८ आलं तर त्यांनी ५ मधून ३ आधी वजा केलेत, म्हणजे पदं दिसली नाहीत. ३२ आलं तर −३ च्या वर्गाचे −९ झालेत, म्हणजे कंस हरवला. −७६ आलं तर ३ ला वर्गाच्या आधीच आत घेतलं आणि ९ चा वर्ग ८१ केला, म्हणजे घात कोणाच्या डोक्यावर आहे ते बघितलं नाही. २ आलं तर कंसातच गडबड आहे, −१ − २ चे −१ केलेत, तिथे घातांकाचं काही शिकवू नका, संख्यारेषेवर परत जा.